ब्रॉडहेड निवडताना जाहिरात नको, आपलं धनुष्य बघा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेत राहणाऱ्या आपल्याच जिल्ह्यातल्या एका तरुणाचा लेख आला होता, धनुष्यबाणाने हरणाची शिकार शिकतानाच्या अनुभवावर. लेख मी दोनदा वाचला. पहाटेच्या अंधारात झाडावर चढून बसायचं, थंडीने बोटं बधिर होतात, पाला वाजला की छातीत धडधडतं, हे सगळं त्याने अगदी खरं लिहिलंय, वाचताना मला तिकडच्या ओकच्या ओल्या पाल्याचा वास आला. पण शेवटी त्याने नवीन शिकणाऱ्यांना जो सल्ला दिलाय, की बाणाला सरळ मेकॅनिकल ब्रॉडहेड (ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकाला बसवायचं धारदार पात्यांचं फळ, मेकॅनिकलची पाती लागल्यावर उघडतात, फिक्स्डची कायम बाहेर असतात) लावा, फिक्स्डच्या भानगडीत पडू नका, मेकॅनिकलला धनुष्य ट्यून करावं, म्हणजे बाण सरळ सुटेल असं जुळवून घ्यावं, लागत नाही आणि भोक दुप्पट पडतं, तो सल्ला मला पटला नाही आणि त्याच्यावर गप्प बसवत पण नाही. आपला पेपर तिकडे मोबाईलवर वाचतात, माझा भाचाच वाचतो, त्यानेच तो लेख पाठवून विचारलं की मावशी हे बरोबर आहे का. त्याला फोनवर तासभर सांगितलं. बाकीच्या मुलांना कोण सांगणार, म्हणून हे पत्र.

मी कोण ते आधी सांगते. माझं माहेर आणि सासर दोन्ही गुहागर तालुक्यातलं. लग्नानंतर मिस्टरांच्या नोकरीमुळे २२ वर्षं अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहराच्या पश्चिमेच्या डोंगराळ भागात राहिलो, आता परत येऊन सहा वर्षं झाली, पोफळीची बाग आणि थोडी कलमं बघतो. तिकडे आमच्या शेजारी नॉर्वेजियन वंशाचं एक म्हातारं शेतकरी जोडपं होतं, गाई पाळायचे, मका लावायचे, आणि हरणं त्यांच्या मक्याची जी दशा करायची तीच इकडे डुकरं आपल्या भाताची आणि वानर केळीची करतात. त्या आजोबांनी माझ्या हातात पहिल्यांदा धनुष्य दिलं. मी हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि पुढे १४ सीझन शिकार केली. आमच्या घरात हिवाळ्यात तेच मटण असायचं, आईने पाठवलेला मसाला आणि भाजक्या सुक्या खोबऱ्याचं वाटण लावून. आम्ही मच्छी-मटण खाणारी माणसं, खायचं तर त्या जीवाचे हाल न करता मारलेलं खावं हे मला घरातूनच शिकवलेलं आहे, आणि मला जे सांगायचंय ते सगळं ह्याच्याशीच जोडलेलं आहे.

इकडच्या वाचकांसाठी आत्ताच लिहून टाकते. हे सगळं तिकडचं आहे, तिकडच्या कायद्यात बसणारं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, भेकर, सांबर, चितळ, पिसोरी, कशालाच हात लावायचा नाही, मग धनुष्य असो की बंदूक. लेख आल्यावर आमच्या वाडीतल्या दोन मुलांनी येऊन विचारलं की काकी आम्हाला शिकवशील का. मी नाही म्हणून सांगितलं.

आता मुद्द्यावर येते. बाण गोळीसारखा मारत नाही, हे ज्याला समजलं नाही त्याने ब्रॉडहेडच्या दुकानात जाऊच नये. गोळी धक्क्याने मारते, बाण कापून मारतो. धारदार पातं दोन्ही फुप्फुसांतून गेलं की हरणाला नीट कळायच्या आत त्याचं रक्त जातं, बऱ्याचदा ते दचकून ५०-१०० यार्ड पळतं आणि थोड्याच सेकंदांत पडतं. म्हणजे बाणाने करायची कामं दोन, खोल जायचं आणि कापत जायचं, आणि त्यातलं खोल जायचं पहिलं, कारण न पोचलेलं पातं कितीही रुंद असलं तरी उपयोग शून्य.

फिक्स्ड म्हणजे ज्याची पाती कायम बाहेर असतात, हलणारं काही नाही. त्यातसुद्धा दोन जाती आहेत, एक ज्याचं टोकच धारेचं असतं, लागल्या क्षणापासून कापायला सुरुवात, आणि दुसरी ज्याचं टोक छिन्नीसारखं तीन कडांचं असतं आणि पाती त्याच्या मागे. मेकॅनिकल म्हणजे उडताना पाती मिटलेली आणि लागल्यावर उघडणारी. जुन्या पद्धतीची पुढून उलटी फिरून उघडतात, नव्यातली बरीचशी मागे सरकून उघडतात, आणि मिटलेली राहावीत म्हणून रबराची बारीक रिंग नाहीतर प्लास्टिकची कॉलर असते. भाच्याला मी सांगितलं की बटणाची छत्री आठव. पावसात एस्टीतून उतरताना बटण दाबलं की फाडकन उघडते तेव्हा बरी वाटते, पण उघडायला जोर लागतोच, तो जोर तिथे स्प्रिंग देते. ह्या ब्रॉडहेडमध्ये बहुतेकांत तसली स्प्रिंग नसते, पाती उघडायचा जोर बाणाच्याच वेगातून जातो. हरणाच्या अंगावर आपटल्यावर त्या बाणाकडे जेवढी ताकद आहे त्यातलाच एक भाग पाती उघडण्यात आणि मग दोन इंच रुंद भगदाड पाडत पुढे जाण्यात खर्च होतो, आणि उरलेल्यात त्याला पलीकडे निघायचं असतं.

माझ्या तिसऱ्या सीझनला मी हेच चुकले. धनुष्य माझं ४२ पाउंडाचं, म्हणजे दोरी ओढायला तेवढा जोर लागायचा, हात आखूड म्हणून ड्रॉ लेंग्थ, म्हणजे दोरी मागे ओढायचं अंतर, २६ इंच. गावातल्या एका दुकानात नवीन बाण घ्यायला गेले तर काउंटरवरच्या माणसाने दोन इंच कटिंगचं मेकॅनिकल हातात दिलं, म्हणाला हेच सगळे घेतात, माझं धनुष्य किती पाउंडाचं हे त्याने विचारलं नाही आणि मी पण सांगितलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी संध्याकाळी एक हरिणी आली, १८ यार्डांवर, म्हणजे आमच्या इथल्या खळ्याच्या ह्या टोकापासून बेड्यापर्यंत असेल तेवढं अंतर. किंचित माझ्या दिशेने तिरकी उभी होती. मी थांबायला हवं होतं ही माझी चूक, ती मी कुणावर ढकलत नाही. बाण खांद्याच्या मागे लागला असं वाटलं, पण खवाट्याच्या कडेला लागून जेमतेम वीतभर आत गेला आणि ती बाण घेऊनच पळाली. अर्ध्या तासाने खाली उतरले, ४० पावलांवर मोडलेला बाण मिळाला, पुढचा तुकडा नव्हता. रक्ताचे सात-आठ थेंब, मग काही नाही. आजोबा कंदील घेऊन आले, रात्री एक वाजेपर्यंत आम्ही शोधलं, दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस शोधलं, त्यांचे दोन्ही मुलगे पण आले. नाही मिळाली. मी त्या वर्षी परत झाडावर चढले नाही. आज इतक्या वर्षांनी रात्री मागच्या सड्यावरून भेकर भुंकलं की मला ती आठवते, हे मी आजपर्यंत फक्त मिस्टरांना सांगितलंय.

हिवाळाभर आजोबांनी मला हिशोब शिकवला. बाणाचं वजन ग्रेन ह्या बारीक मापात घ्यायचं, वेग दर सेकंदाला किती फूट असा, वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले ४,५०,२४०, की बाणाची ऊर्जा फूट-पाउंडात येते. माझा बाण ३८० ग्रेनचा आणि वेग साधारण २०५, उत्तर आलं ३५ च्या आसपास. भाच्याचं धनुष्य ६५ पाउंडाचं, हात लांब, बाण ४२० ग्रेनचा आणि वेग २७०, त्याचं येतं ६८. म्हणजे जवळजवळ दुप्पट. हरणासाठी २५ ते ४१ पुरेसं असा तिकडचा एक जुना तक्ता आहे आणि माझ्या ३५ मध्ये मी पुढे कितीतरी हरणं मारली, पण ते ३५ सगळंच्या सगळं आत जायला वापरलं तर पुरतं, त्यातलं पाती उघडायला दिलं तर नाही. एकच ब्रॉडहेड भाच्याच्या धनुष्यावर आरपार जाईल आणि माझ्या धनुष्यावर अर्ध्यात अडकेल. मग सगळ्या नवीन माणसांना एकच सल्ला कसा चालेल? नवीन शिकणाऱ्यांत बायका असतात, १४ वर्षांची पोरं असतात, खांदा दुखणारी साठीची माणसं असतात, त्यांची धनुष्यं ४०-४५ पाउंडाचीच असतात. विस्कॉन्सिनमध्ये तर कायद्याने हरणासाठी किमान ३० पाउंड चालतं. ह्या लोकांनी धारेच्या टोकाचं, एक ते सव्वा इंचाचं, दोन पात्यांचं फिक्स्ड लावावं, आणि बाण थोडा जड ठेवावा. त्या हरिणीनंतर मी तेच लावलं आणि पुढच्या ११ सीझनमध्ये माझं एकही हरीण हरवलं नाही.

दुप्पट भोक हे पण जरा मोजून बघा. दोन पात्यांचं दोन इंची मेकॅनिकल पूर्ण उघडलं तर दोन इंचाची चीर पाडतं. तीन पात्यांचं सव्वा इंचाच्याही आतलं, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचं फिक्स्ड घ्या, प्रत्येक पातं मधापासून अर्ध्या इंचाहून थोडं जास्त कापतं, तिन्ही मिळून होतात जवळजवळ १.७ इंच. दोन आणि पावणेदोन, एवढाच फरक. तीन दिशांनी फाटलेलं भोक सहज मिटत नाही हे वेगळंच. जाहिरातीत जो फोटो दाखवतात त्यात फक्त रुंदी दिसते, खोली दिसत नाही.

आणि खोलीचं महत्त्व झाडावर बसणाऱ्याला जास्त. १८-२० फुटांवरच्या मचाणावरून बाण मारला तर तो वरून खाली जातो, आत जाण्याची जखम पाठीकडे उंच असते. बाण पलीकडून खाली बाहेर पडला तर त्या खालच्या भोकातून रक्त जमिनीवर पडतं, त्याचाच माग काढायचा असतो. बाहेर पडलाच नाही तर रक्त छातीच्या पिंजऱ्यातच साठतं, बाहेर येत नाही, हरीण मेलेलं असतं आणि १५० यार्डांवर झुडपात पडलेलं असतं आणि तुम्ही कोरड्या पाल्यावर टॉर्च मारत फिरत असता. वरचं भोक दोन इंचाचं का असेना, मागाला काय उपयोग.

आता ट्युनिंग. ह्या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण लेखातलं सगळ्यात घातक वाक्य तेच आहे. फिक्स्ड ब्रॉडहेडची पाती बाणाच्या पुढच्या टोकाला पंखासारखी काम करतात, म्हणून धनुष्यात थोडी जरी खोट असेल, बाण दोरीवरून तिरका सुटत असेल, तर ते पंख हवा पकडतात आणि बाण भरकटतो. सरावाच्या साध्या टोकाचे बाण एकीकडे आणि ब्रॉडहेडचे सहा इंच डावीकडे असा प्रकार ३० यार्डांवर सर्रास होतो. मेकॅनिकल मिटलेलं असतं म्हणून साध्या टोकासारखंच उडतं, हे खरं आहे आणि ते त्याचं खरोखरच चांगलं लक्षण आहे. पण त्याचा अर्थ खोट गेली असा नाही, खोट दिसायची बंद झाली असा आहे. बाण अजून तिरकाच सुटतोय, मागची पिसं त्याला ओढून सरळ करतायत, आणि १५ यार्डांवर हरणाला लागताना त्याचं शेपूट अजून हलत असेल तर तो सरळ घुसत नाही, वाकडा घुसतो आणि ताकद बाजूला वाया जाते. भिंतीत खिळा तिरका धरून ठोका, वाकेल तरी नाहीतर उडेल तरी. म्हणजे ज्या ब्रॉडहेडला जास्त ताकद लागते, नेमकं त्याच्याच बाणाची ताकद कमी करून पाठवायची, आणि वर म्हणायचं की सोपं आहे.

ट्युनिंग म्हणजे काय फार मोठी विद्या नाही. ताणलेल्या कागदातून सहा फुटांवरून बाण सोडायचा, फाटलेल्या भोकात पिसांच्या खुणा आणि टोकाची खूण एकावर एक आली पाहिजे, शेपूट एका बाजूला फाडत गेलं तर बाण तिरका सुटतोय. मग २० आणि ३० यार्डांवर तीन साधे आणि तीन ब्रॉडहेडचे बाण मारायचे. ब्रॉडहेड डावीकडे पडत असतील तर बाण टेकतो तो रेस्ट उजवीकडे सरकवायचा, म्हणजे ज्या बाजूला साधे बाण पडतायत त्या बाजूला, आणि सरकवायचा म्हणजे अगदी केसभर, इंचाचा बत्तिसावा भाग, मग परत सहा बाण. उंचीला पण तसंच. आणि प्रत्येक बाण टेबलासारख्या कडक जागेवर टोक टेकवून गरगर फिरवून बघायचा, थरथरला तर ब्रॉडहेड वाकडं बसलंय, तो बाण शिकारीला नाही. मला पहिल्यांदा दोन शनिवार-रविवार लागले. आजोबा खुर्ची टाकून बसायचे आणि मी फिरवायचे, स्वतः कधी हात लावला नाही त्यांनी. हे दोन शनिवार-रविवार वाचवायचे असतील तर हरणावर बाण सोडायचा नाही असं मी माझ्या भाच्याला स्पष्ट सांगितलंय.

धारेबद्दल मला इकडच्या बायकांना वेगळं सांगायला नको. विळी बोथट असली की टोमॅटो कापला जात नाही, चेंगरतो, आणि चांगली लावलेली असली की सुरमईचा काटा पण आवाज न करता तुटतो. बाणाचं तसंच. पाकिटातून काढलेलं प्रत्येक ब्रॉडहेड धारदार असतंच असं नाही, ताणलेल्या रबरबँडला पातं हलकं टेकवून बघा, टेकताच तुटला पाहिजे, दाबावं लागलं तर धार कमी. फिक्स्डला घरी दगडावर धार लावता येते, सरावाला एक आणि शिकारीला एक असे वेगळे ठेवता येतात, आणि चांगलं पोलादी असेल तर वर्षानुवर्षं टिकतं. मेकॅनिकलची पाती बारीक असतात, एकदा हाडाला लागली की बदलायची, आणि भात्यात घासून रिंग ढिली झालीय का हे दर वेळी बघायचं, नाहीतर एखादं पातं हवेतच उघडतं आणि मग बाण कुठेही जातो. आणि कुठलंही ब्रॉडहेड बसवताना त्याचा पाना वापरा, बोटांनी पिळू नका.

माझं म्हणणं एकतर्फी वाटू नये म्हणून दुसरी बाजू पण लिहिते, कारण ती खरी आहे. मेरिलँडमध्ये इंडियन हेड नावाच्या नौदलाच्या तळावर धनुष्यवाल्या शिकाऱ्यांची कित्येक वर्षांची नोंद ठेवलेली आहे, कुणी काय लावलं, हरणाला लागलं का, मिळालं का. तिथे फिक्स्डने लागलेल्या १०० पैकी साधारण ८२ हरणं मिळाली आणि मेकॅनिकलने लागलेल्या १०० पैकी साधारण ९१. हा फरक लहान नाही आणि मी तो लपवणार नाही. पण त्या तळावर आधी परीक्षा देऊन नेम दाखवावा लागतो मग शिकार करू देतात, आणि त्या नोंदीत कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या, धनुष्यांबरोबर बंदुकीसारख्या दस्त्यावर बसवलेले क्रॉसबो पण आहेत, म्हणजे ताकदीची कमतरता नसलेली हत्यारं. ताकद पुरेशी असेल तेव्हा रुंद कापणारं आणि सरळ उडणारं ब्रॉडहेड जास्त चुका पोटात घालतं, हे मला मान्य आहे. ज्याचं धनुष्य ६० पाउंडाच्या वर आहे, ड्रॉ २८ इंच किंवा जास्त, बाण ४०० ग्रेनच्या वर, आणि जो आडव्या उभ्या हरणावरच बाण सोडतो, त्याने मागे सरकून उघडणारं दीड इंचाचं मेकॅनिकल लावलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. माझ्या भाच्याला मी तेच सांगितलंय, की तुला दोन्ही चालेल, पण आधी फिक्स्डवर धनुष्य ट्यून कर, तीन फिक्स्डचे बाण टार्गेटवर मुठीएवढ्या जागेत लागायला लागले की मग हवं तर मेकॅनिकल लाव. उघड्या माळावर वारं जास्त असेल तिथे पण मेकॅनिकल बरं पडतं.

तिरक्या शॉटबद्दल मात्र कुठलंच ब्रॉडहेड तुम्हाला वाचवणार नाही. हरीण आडवं उभं असेल किंवा तोंड पलीकडे करून थोडं तिरकं असेल तेव्हाच सोडायचा, पुढचा पाय पुढे टाकलेला असेल तर आणखी चांगलं कारण खवाटा पुढे सरकतो. आपल्याकडे तोंड असेल तर हात खाली. आणि लागल्यावर लगेच धावायचं नाही. रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस, अर्धा तास थांबायचं. गडद लाल असेल तर यकृत, चार तास तरी. बाणाला हिरवट चिकट आणि घाण वास असेल तर पोट, मग आठ-दहा तास त्या दिशेला फिरकायचं नाही, नाहीतर ते उठून मैलभर जातं आणि तिथे कुढत मरतं. हे तो लेख लिहिणाऱ्या मुलाने लिहायला हवं होतं, त्याला नक्की माहीत असणार, कोर्समध्ये शिकवतात.

राज्याचे नियम पण दर वर्षी बघायचे. विस्कॉन्सिनमध्ये ब्रॉडहेड किमान सात-अष्टमांश इंच रुंद लागतं. पश्चिमेकडे ऑरेगन आणि आयडाहोसारख्या राज्यांत मोठ्या जनावरांसाठी मेकॅनिकलवर कित्येक वर्षं बंदी होती. एका राज्यातून उठून मित्राबरोबर दुसऱ्या राज्यात जाणाऱ्याने हे आधी वाचलं पाहिजे.

लेखाखाली आपण जी पत्रं छापली त्यात एका वाचकाने लिहिलं होतं की अशी शिकार म्हणजे नुसता माज आहे. त्यांचा राग मला समजतो, हरीण बघून कुणाचाही जीव कळवळतो, माझाही. पण विस्कॉन्सिनमध्ये १९३४ साली धनुष्यबाणाचा पहिला अधिकृत सीझन झाला तेव्हापासून ही गोष्ट नियमात बांधलेली आहे, स्वतःची धनुष्यं स्वतः बनवणारे आल्डो लिओपोल्ड हे तिकडे निसर्गरक्षणाच्या विचाराचे जनक मानले जातात, आणि तिकडे धनुष्याच्या सामानावर ११ टक्के कर लागतो जो वन्यजीवांच्या कामाला जातो. तो कर लावणारा कायदा १९७२ चा, ज्या साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला त्याच सालचा. दोन देशांनी दोन रस्ते घेतले, आपला रस्ता आपल्यासाठी बरोबर आहे असंच मला वाटतं.

आणि हाल हा शब्द निघालाच आहे तर इकडची फासकी आठवतात. डुकरासाठी म्हणून क्लच वायरची फासकी लावतात आणि त्यात बिबट्या अडकतो, भेकर अडकतं, कंबरेत वायर रुतून रात्रभर तडफडतं, अशा बातम्या आपणच छापता. आमच्या बागेच्या गडग्याबाहेर मी दोन वर्षांत तीन फासकी काढून वनखात्याच्या गार्डकडे दिली. डुकराने वर्षाचं भात खाल्लं तर शेतकऱ्याचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे, आमचं पण खाल्लंय, पण त्याला अर्ज आहे, पंचनामा आहे, वायर हा उपाय नाही.

वाडीतल्या त्या दोन मुलांना मी साताऱ्याचं सांगितलं. अदिती स्वामी आणि ओजस देवतळे दोघंही २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड धनुष्यात जगज्जेते झाले, दोघांचा सराव साताऱ्यातला, आणि अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. तेच धनुष्य, तेच ट्युनिंग, तोच कागदातून बाण मारायचा प्रकार, फक्त समोर हरणाऐवजी टार्गेट. त्यातला एक जण आता चिपळूणला कुठे शिकवतात का याची चौकशी करतोय. कोकणात कुठे क्लास चालत असेल तर आपण पुरवणीत त्याची माहिती दिलीत तर बरं होईल.

विस्कॉन्सिनचा धनुष्याचा सीझन सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. ब्रॉडहेड आताच विकत घेतात आणि धनुष्य ट्यून करायला हेच दिवस असतात, म्हणून हे पत्र गणपतीच्या आधी छापता आलं तर बघा. लांबलंय ते कळतंय, जागा नसेल तर माझी ओळख आणि मटणाचं कापा, पण ४०-४५ पाउंडवाल्यांनी मेकॅनिकल लावू नये आणि ट्युनिंग कुणालाच चुकत नाही, ह्या दोन गोष्टी कापू नका.

नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. गुहागर, जि. रत्नागिरी